दुसऱ्या खाचेतली रॅम

अण्णा, तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही. उलट काल तो नव्यानं उसळला. आष्ट्याच्या त्या शाळेतले क्लार्क सांगलीत माझ्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. चालता चालता मधेच पडदा निळा होऊन बंद पडतो म्हणे. मी उघडला, तर आत दोन जातींच्या दोन रॅम, एक मदरबोर्डासोबत घेतलेली आणि दुसरी कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली. आणि क्लार्क म्हणतात, "आवं ताई, अण्णांनी जोडल्याला हाय ह्यो. तसा माणूस आता मिळायचा न्हाई." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात दातओठ खाल्ले.

तुमच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. मदरबोर्ड कसा पारखायचा हे मला तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. अजून डोळ्यांसमोर येतं. तुम्ही बोर्ड हातात तोलता, प्रोसेसरशेजारी उष्णता खेचून घेणारी धातूची पट्टी आहे का ते बघता, कोपरा हलकेच दाबून तो वाकतो का ते चाचपता. मग विक्रेत्याला एकच प्रश्न, "बिघडला तर कोल्हापुरात बदलून मिळतोय, का पुण्याला धाडायचा?" तकलादू बोर्डाला तुम्ही दुकानाची पायरी चढू दिली नाहीत. पण रॅमची वेळ आली की ही सगळी अक्कल कुठं चरायला जायची कोण जाणे! कुठल्या बोर्डावर कुठली रॅम तपासून घेतली आहे, याची यादी बोर्ड बनवणारेच देतात. ती मी छापून आणली, तर तुम्ही गिऱ्हाइकांसमोर खो खो हसलात. "पोरी, यादी बघून काय लगीन जमवायचं हाय व्हय? खाचंत बसती न्हवं? मग झालं की!" रिकामी खाच तुम्हाला बघवायची नाही. जुनी हळू चालणारी रॅम वेगवान नव्या रॅमच्या शेजारी कोंबायची आणि कॉम्प्युटर सुरू झाला की माझ्याकडे बघून मिशीत हसायचं. दोन दिवसांनी तो बंद पडला की शिव्या वीज मंडळाला.

मग त्या शाळेचे दहा कॉम्प्युटर. मुलांची ऑनलाइन परीक्षा, मी तुमच्या मागे उभी. अर्ध्या तासात चार पडदे निळे होतात. शेवटच्या प्रश्नांपर्यंत पोचलेली एक मुलगी हुंदके देऊन रडते आहे. मुख्याध्यापिका विचारतात, हे काय चाललंय? आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणता, "हिनं जोडल्यात, बाई. शिकतीया अजून, चुकती कवा कवा." कवा कवा! दुसऱ्या खाचेत रॅम तुम्ही स्वतः लावली होतीत, मी नको नको म्हणत असताना. परतताना वाटेत गाडी थांबवून मला उसाचा रस पाजायला निघालात. "मनावर घिऊ नगं. माझं नाव गेलं तर दुकान जाईल. तुझं अजून नावच कुठं हाय?" तो रस मी तुमच्या देखत मातीत ओतला. महिन्याभरात काम सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या घरी येऊन बसले, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

ही कहाणी मी शंभर जणांना सांगितली आहे. प्रत्येक वेळी ऐकणारा माझ्या बाजूनं चिडतो आणि मला बरं वाटतं. पण दरवेळी एक गोष्ट मी गाळते. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून इथं लिहिते. परीक्षेच्या आदल्या दुपारी तुम्ही शाळेच्या कार्यालयात बोलत बसला होतात, तेव्हा मी गुपचूप रॅम तपासणारी मेमरी टेस्ट लावली होती. चार कॉम्प्युटरांवर चुकांच्या लाल ओळी भराभर येत होत्या. दुसरी रॅम काढून टाकायला एकेकाला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मी टेस्ट बंद केली, झाकणं लावली आणि तुम्ही आल्यावर म्हणाले, सगळं ठीक आहे. उद्या अण्णा चारचौघांत तोंडावर पडू देत, एवढंच मनात होतं. परीक्षेला बसणारी मुलं माझ्या डोक्यातही आली नाहीत.