शेडमध्ये मीठ नको

१२ एप्रिल, शनिवार

आणखी एक ड्रिल जळालं! टायटॅनियम म्हणजे खट पाहुणा — घाई केली की तापतो. हळू चालवा, तेल सोडा, मग सरळ येतो. माझं काम कानावर चालतं. ड्रिल किंचाळायला लागलं की हात मागे.

पण चाकूची मूठ झाली की काय देखणी! खाऱ्या वाऱ्यात वर्षभर टांगा, डाग नाही. आमच्या घरातली विळी, फावडं, कडीकोयंडे — सगळं मिठाने खाल्लं. बापाचं मिठागर ना! म्हणून तर मी पळालो, ट्रक चालवला, ट्रक विकून ही शेड घातली. घडीचे चाकू. पातं पोलादाचंच असतं, म्हणून इथला नियम एकच: शेडमध्ये मीठ नको. कल्पिता चिडते, "लोणचं खायला नवऱ्याने उंबऱ्याबाहेर बसायचं?" बसायचं!

१५ एप्रिल

मांडव्याचा हरेश्वर आला. शिडाच्या बोटी सांभाळतो. दोर कापायला दहा चाकू हवेत. मी मुद्दाम म्हटलं, "स्टीलची मूठ स्वस्त पडेल."

"जीवनशेठ, स्टीलच्या गंजल्या. तुमचीच द्या."

चाकू उघडून दाखवला. मुठीचीच एक पट्टी सरकून पात्यामागे उभी राहते — खट्ट! आवाज कोरडा, म्हणजे लॉक पक्कं. चिकट आला तर पुन्हा घासायचं.

संध्याकाळी धर्मादादाने मूठ हातात घेतली. थोरला भाऊ, अजून बापाच्या आगरातच मीठ काढत राबतो. "ह्याला वजनच न्हाय रं. फुंकरीनं उडंल."

"उडू दे! गंजणार तर न्हाय?"

१९ एप्रिल

ग्राइंडरखालचा भुगा पेटला. पांढराफेक जाळ! थोडाच होता, जळून संपला. दादा कळशी घेऊन धावला, मी दारातच अडवला — पाण्याने हा धातू उलट भडकतो. त्याला अपमान वाटला.

"जागा दोघांची हाय. परत पेटलं तर शेड मोडीन."

"मोड की! दुसरीकडे घालीन."

बोललो खरा, पण दुसरीकडे कुठे? असेल ते सगळं या चार पत्र्यांत आहे. तरी बंद करणार नाही. कोणाच्या बापाला भीत नाही — आमचा बाप एकच, तेही खरं.

विझवायला बादलीभर वाळू आणली. समुद्राची, खारी. म्हणून दाराबाहेर ठेवली. नियम म्हणजे नियम.

२२ एप्रिल

नऊ चाकू झाले. खट्ट, खट्ट, खट्ट. झकास.

२४ एप्रिल

आज मोठं पेटलं. दहाव्या चाकूच्या घाईत भुगा झाडायचा राहिला. ग्राइंडरच्या पट्ट्याचा सूर बदललेला ऐकला, पण वळेपर्यंत जाळ! बाहेरची बादली आणून उपडी केली — वाळू ओली. खारी वाळू दव धरते, हे मला कळू नये? मिठागरवाल्याच्या पोराला! जाळ कमरेएवढा उडाला.

दारात दादा. खांद्यावर नाही, पोटाशी कवटाळलेली मिठाची गोण. आणि मी काय ओरडावं? "मीठ आत नको!"

"गप रं!" त्याने गोण फाडली, सगळी ओतली. उन्हात तापलेलं कोरडं मीठ. जाळ दबला. ढीग आतून लाल दिसला, मग काहीच नाही.

"मिठाने विझतं हे तुला कसं माहीत?"

"मला काय म्हाईत? हातात तेच व्हतं."

दोघेही हसलो. खोकलो. मग मी विचारलं, गोण घेऊन आलासच कशाला? तो सांडलेलं मीठ पायाने गोळा करत राहिला.

"शेवटची हाय. आगर बंद करतंय. खांदा गेला रं, फावडं उचलत न्हाय. बापाचं मीठ तुज्या घरात ऱ्हावं म्हनलं."

शेड मोडायचं त्याने नावही काढलं नाही.

२५ एप्रिल

हरेश्वरला फोन केला — दहावा चाकू उशिरा मिळेल. बोंबलू दे.

टायटॅनियमचा मोठा पत्रा कापायला घेतलाय. दादाचं फावडं. फुंकरीने उडेल इतकं हलकं करणार! आगर बंद होत नाही. पुढची पहिली गोण माझी, आणि ती शेडमध्येच राहणार — ग्राइंडरच्या शेजारी.