नकाशातला समुद्र

आई,

वाकून नमस्कार, या वेळी जरा जास्तच वाकून. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

पुस्तकाचं प्रकाशन झालं. पूर्व आशियातले दोन शेजारी देश एकाच समुद्राला वेगवेगळी नावं देऊन भांडतात, हे मी वर्गात घसा कोरडा करून शिकवते. आणि माझ्याच नकाशात एका बाजूचंच नाव छापलं गेलं! दुसऱ्या देशाच्या पाहुण्या प्राध्यापकांनी नकाशा पाहिला, पुस्तक अलगद मिटलं. "छपाई सुंदर आहे," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुला पाठवलेली प्रत तू आळीभर दाखवत असशील. नको गं दाखवूस. शेवटची तपासणी मीच केली होती. अर्पणपत्रिकेत तुझं नाव नीट आलंय ना, हे पुन्हा पुन्हा पाहत बसले. समोरच्या पानावरच्या समुद्राकडे लक्षच गेलं नाही.

तुझी,
धाकटी