७३९३९१३३ कुणाची?

बाबा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. काल दिग्रसच्या तुमच्या शाळेत तुमच्या नावाचा फलक लागला, म्हणून लिहितेय. जिवंतपणी कधी बोलू दिलं नाहीत, आता तरी ऐका!

फलकावर काय लिहिलंय? '७३९३९१३३ : सरांनी शोधलेली संख्या.' तुम्ही शोधली? तिचा उजवीकडचा एकेक आकडा पुसत जा. ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९... अगदी सातापर्यंत उरते ती मूळ संख्याच, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. अशी सगळ्यात मोठी संख्या हीच. तिच्या शेवटी कोणताही आकडा जोडा, ती मूळ राहत नाही. जगाला हे आधीच ठाऊक होतं. तुम्ही कुठंतरी वाचलंत आणि गावाला सांगितलंत, "म्याच काढली."

आणि ती तपासली कुणी? दहावीच्या सुट्टीत मला पुढच्या खोलीत बसवलंत. तिचं वर्गमूळ आठ हजार सहाशेच्या जवळ, म्हणून त्याच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं, तेही हातानं. मैत्रिणी दारातून हाका मारून परत जायच्या. "चुकली तर पुन्हा कर. जेवण मंग," तुम्ही म्हणायचात. हजारावर भागाकार, बाबा! बोटाला घट्टा पडला.

पण शेवटच्या भागाकारातही बाकी उरली तेव्हा मी आनंदानं ओरडले होते. तुम्ही पाहिलंत तरी का? मला गणितच शिकायचं होतं.

शाळेत सत्कार तुमचा झाला. माझं नाव घेतलं नाहीत. घरी येऊन मी यवतमाळच्या कॉलेजचा विषय काढला, तर काय म्हणालात? "पोरीच्या जातीले गणित कायले पाह्यजे? तुह्यासाठी महागावचं स्थळ पाहून राह्यलो मी."

महागावात माझा संसार वाईट झाला नाही. पण तो मी मागितला नव्हता.

काल दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी सगळं बोलले. खाली बसले तशी आई कुजबुजली, "गेलेल्या माणसाले कायले बोलतं माय?"

"होते तवा ऐकलं असतं का त्यायनं?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मले ठाऊक होतं. मी चूप राह्यली." तिच्यावर मी चिडले नाही. तुमच्यापुढे तिचं तरी कुठं चालत होतं?

मुख्याध्यापिका बाईंनी फलक काढला नाही. पण 'सरांनी शोधलेली' यावर तिथल्या तिथं पांढरा रंग मारून घेतला. निघताना मला म्हणाल्या, "ताई, शनिवारी आमच्या पोरींले गणित शिकवाले येता काय?"

जाणार आहे. शब्द देते, बाबा: त्या पोरींना ही संख्या शिकवीन, एकेक आकडा पुसून दाखवीन. तुमचं नाव मात्र एकदाही घेणार नाही.

तुमची मुलगी,
वंदना