इंद्रजित खिलारेचा दहावा

आटपाडी, सोमवार

ती. कृष्णातदादा यांस धाकट्या रंगूचं पाया पडणं.

तुमचे गुडघे कसे हायत? वैनींची साखर उतरली का? आमी समदी बरी. शेळ्या बऱ्या, ह्यांचा खोकला त्याच्या जागी हाय. (फोनच केला असता, पण वैनी स्पीकर लावून ऐकतात, म्हणून कागद.) आता मुद्द्याचं. तुमी माझा माणूस मारला.

इंद्रजित खिलारे मी जन्माला घातला, चौथी शिकलेल्या बाईनं. पहिली वही माझ्या नावानं गेली तवा प्रकाशकानं कळवलं, बाई, लोणच्याच्या कृती असतील तर धाडा. तीच वही इंद्रजितच्या नावानं, तुमच्या कराडच्या पत्त्यावरनं गेली, तर 'मर्दानी लेखणी' ठरली. अशा सात कादंबऱ्या झाल्या. मागच्या पानावर तुमचा लग्नातला मिशीवाला फोटो (मुंडावळ्या कापून), खाली 'माजी सैनिक, अविवाहित'. आता प्रकाशकानं सत्काराला बोलवायला फोन केला, तर तुमी घाबरून सांगून मोकळे, अटॅक आला, वारला. आवं, परदेशी फिरायला गेलाय म्हणायचं! आठवी कादंबरी पत्र्याच्या पेटीत लिहून तयार, आणि तुमी लेखकच संपवला. आता ती छापायची कुणाच्या नावानं?

बरं, वारला तर वारला. पण पलूसकडच्या वाचनालयाची माणसं लय मायाळू. अविवाहित म्हणजे मागं कुणी न्हाई, म्हणून दहावा त्यांनीच घातला, कृष्णेच्या घाटावर. मी गेले. ह्यांना सांगितलं, लांबच्या माणसाचा दहावा हाय. तिथं दाराएवढा फ्लेक्स, त्यावर तुमी, हार घालून. (वैनींना सांगू नका. हार झेंडूचा होता, ताजा.) अध्यक्ष म्हणाले, असं रोखठोक लिहायला पुरुषाचंच काळीज लागतं. मी मान हलवली. मग ग्रंथपाल गुणमालाताई उठल्या, म्हणाल्या, पुरुष असून ह्यांना बाईचं मन कसं कळलं, आणि रडायला लागल्या. मलापण रडू आलं. माझ्याच दहाव्याला मी रडतेय, हे सांगू कुणाला?

पिंड ठेवला. शेजारी आवडीचं काय ठेवायचं? पुस्तकातला नायक उठता-बसता अंडाबुर्जी खातो. भटजींनी हात जोडले, मग कांदाभजी आली. पण कावळा काय शिवंना. झाडावर आठ-दहा बसलेले, खाली एक येईना. अध्यक्ष पिंडाला म्हणाले, तुमच्या नावानं अभ्यासिका काढू. न्हाई. प्रकाशकपण आलेला, तो म्हणाला, समदी पुस्तकं परत छापू. न्हाई. दीड तास गेला, ऊन डोक्यावर, माझी एसटी चुकायची वेळ. जो जन्मलाच न्हाई त्याला कावळा शिवंल कसा? शेवटी मीच पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "इंद्रा, आठवी वही तुझ्या नावानं जाणार न्हाई. लिहिली मी, नाव माझं. जा आता." कावळा आला आणि भजं घेऊन उडाला. (मी असलं मानत न्हाई. दीड तासात कावळ्यालापण भूक लागती.)

समदी माझ्याकडं बघायला लागली. गुणमालाताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्यांच्या कोण?" तोंडातनं निघून गेलं, "सैपाक करत होते त्यांचा." लगेच प्रकाशक पुढं, "काही कागद राहिलेत का?" मी म्हणाले, एक वही हाय. झालं! गुरुवारी दुपारी तो वही न्यायला येतोय, गुणमालाताईंना घेऊन. 'इंद्रजित खिलारे यांची अखेरची कादंबरी' असं मुखपृष्ठ तिथंच फोनवरनं करायला टाकलं. म्हणजे कावळ्याला शब्द दिला आणि प्रकाशकाला वही. घरी येऊन पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, रंगुबाई धुळा मेटकरी. पण सैपाकिणीचं नाव बघून तो काय मागणार, तुमाला ठावं हाय. लोणचं.

वैनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
रंगू

ता.क. : गुरुवारी सकाळच्या गाडीनं या. प्रकाशक टेकला की चहा तुमीच बाहेर आणायचा. मेलेल्या माणसानं कप हातात दिला म्हणजे वहीवरचं नाव तो नीट वाचंल. मिशी काढू नका.

आणखी एक : काल ह्यांनी विचारलं, गेलं कोण? म्हटलं, एक लेखक. ह्ये हसले, म्हणाले, तुला कुठला लेखक ओळखतोय? गुरुवारी ह्यांनापण कळणार हाय. मला भ्या वाटत न्हाई. पण तुमी शेजारी बसलेलं बरं.