प्रतिमा गजभिये यांच्या फाइलमधील एक ओळ

प्रति,
मा. संचालक (मनुष्यबळ),
भूजलरेखा सल्लागार सेवा,
मुख्य कार्यालय, नागपूर.

अर्जदार : वसुधा विष्णुपंत मोघे, सहायक सल्लागार, जबलपूर शाखा.
राहणार : बड़ा फुहाराजवळ, जबलपूर.

विषय : कु. प्रतिमा टिकाराम गजभिये, माजी सहायक सल्लागार, यांच्या सेवा-फाइलमधील शेरा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : जबलपूर शाखेचा शेरा, दि. ३ जानेवारी २०१७.

महोदय,

सविनय सादर करते की, हा अर्ज शाखाप्रमुखांमार्फत यायला हवा होता. तो मी थेट पाठवत आहे, कारण त्यात त्यांचाही उल्लेख आहे. माझे शिक्षण हिंदीतून झाले असून मराठी घरापुरतीच आहे, तरी लिहिण्यात चूक झाल्यास क्षमा असावी.

१. मी व कु. गजभिये ४ जुलै २०१६ रोजी एकाच दिवशी रुजू झालो. सहा महिन्यांची परिवीक्षा होती. आमच्याकडे नेमणूक झाली म्हणजे काम मिळाले असे होत नाही. काम प्रकल्पावर नाव लागल्यावर मिळते. प्रकल्पप्रमुख आपल्या पाहण्यातली माणसे घेतात. नव्याला अनुभव नाही म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून अनुभव येत नाही. दर सोमवारी शाखाप्रमुख श्री. पटेरिया नावांची यादी लावत. ती वाचून आम्ही दोघी खिडकीजवळच्या आमच्या टेबलावर परत येऊन बसत असू. असे सात सोमवार गेले. त्या दिवसांत कु. गजभिये यांनी मला संगणकावर नकाशे जोडायला शिकवले. त्यांचे काम माझ्यापेक्षा चांगले होते व आजही आहे.

२. त्यांचे वडील टिकारामजी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी कु. गजभिये त्यांना महाराजपूरच्या घरून ऑटोने डायलिसिसला नेत, बारा वाजता कार्यालयात येत आणि रात्री साडेआठपर्यंत थांबून वेळ भरून काढत. हे त्यांनी शाखेत फक्त मला सांगितले होते.

३. सोमवार, २९ ऑगस्ट रोजी श्री. पटेरिया यांनी मला खोलीत बोलावले. डिंडोरी जिल्ह्यातील गावांच्या पाणी योजनांची पाहणी होती आणि एक जागा रिकामी होती. ते म्हणाले, "प्रतिमा के नक्शे अच्छे हैं। सोच रहा हूँ उसी को भेजूँ। बीस-बीस दिन बाहर रह लेगी न?"

मी म्हणाले, "सर, उसके घर में थोड़ी परेशानी है। पापा बीमार रहते हैं।"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. परंतु चार दिवसांपूर्वीच, डबा खाताना, कु. गजभिये मला म्हणाल्या होत्या, "गोंदियाहून शेवंताआत्या येऊन राहिली आहे. बाबांना आता ती नेईल दवाखान्यात. चलो, आता मला कुठंही पाठवा म्हणावं." हे मला ठाऊक होते व मी ते सांगितले नाही. बोलताना मी आवाजात काळजी आणली होती, हेही नमूद करणे मला आवश्यक वाटते. साहेबांनी क्षणभर कागदाकडे पाहिले आणि विचारले, "और तुम?" मी म्हणाले, उद्या निघू शकते.

४. डिंडोरीत दुसऱ्याच आठवड्यात माझे नकाशे जुळेनात. मी कु. गजभिये यांना फोन लावला. त्यांनी रिकाम्या टेबलावरून तासभर मला एकेक पायरी सांगितली. नंतर असे फोन मी वरचेवर केले आणि त्यांनी प्रत्येक वेळी उचलला. डिसेंबरअखेरपर्यंत त्यांचे नाव कोणत्याही यादीत लागले नाही. ३ जानेवारी रोजी मला कायम करण्यात आले व त्यांची सेवा संपवण्यात आली. १९ जानेवारी रोजी टिकारामजी वारले. मी डिंडोरीत होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.

५. दि. २२ फेब्रुवारी रोजी भोपाळच्या एका संस्थेतून कु. गजभिये यांच्याविषयी चौकशीचा फोन आला. साहेबांनी त्यांची फाइल मागितली, ती मीच कपाटातून काढून दिली. त्यांनी फोनवर शेरा वाचून दाखवला : "घरगुती अडचणींमुळे प्रकल्पावर जाण्यास अनुपलब्ध. (सहकाऱ्याकडून समजले.)" मूळ शेरा हिंदीत आहे, मी अर्थ दिला आहे. फोन ठेवून साहेबांनी फाइल परत ठेवायला सांगितली. मी ठेवली. ती नोकरी त्यांना मिळाली नाही.

६. रविवार, ५ मार्च रोजी मी महाराजपूरला त्यांच्या घरी गेले. दार शेवंताबाईंनी उघडले. कु. गजभिये शिकवणीच्या मुलींच्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "आता काहून आलीस? बाबा तर गेले." मी उभ्यानेच सर्व सांगितले. त्यांनी मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरमध्येच मी साहेबांना विचारलं होतं, माझं नाव काहून नाही लागलं. त्यांनी सांगितलं, वसुधा बोली थी. मी म्हटलं, आत्या आली आहे, मी जाऊ शकते. ते म्हणाले, अब तो लिस्ट चली गई, अगली बार देखेंगे."

मी विचारले, मग माझे फोन का उचललेस?

त्यांनी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "अख्ख्या ऑफिसात माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस. तुझ्याशी भांडले असते तर दिवसभर कोणासोबत बसले असते मी?"

शेवंताबाईंनी चहा आणला होता. तो मला पिता आला नाही.

निघताना मी म्हणाले, नागपूरला लिहिते, तुला परत घेतील. त्या म्हणाल्या, "परत घ्या असं लिहू नको. मी नाही येणार तिथं. खरं काय ते लिहायचं असेल तर लिही."

७. सबब विनंती की :

(अ) वरील शेरा चुकीच्या माहितीवर आधारलेला असल्याने तो रद्द करावा. ती माहिती देणारी सहकारी मी आहे.

(आ) कु. गजभिये प्रकल्पावर जाण्यास तयार होत्या व तसे त्यांनी स्वतः सांगितले होते, अशी नोंद फाइलमध्ये घ्यावी.

(इ) २७ मार्च रोजी भोपाळ येथेच दुसऱ्या एका संस्थेत त्यांची मुलाखत आहे. तेथूनही शाखेत फोन येईल. शक्य असल्यास तत्पूर्वी हे व्हावे.

माझ्याबाबत जो निर्णय होईल तो मला मान्य राहील. डिंडोरीच्या अहवालाचे काम एप्रिलअखेर पूर्ण होत आहे. अहवालातील नकाशांवर तयार करणाऱ्याचे नाव म्हणून सध्या माझे नाव आहे. त्या जागी काय लिहावे, हेही कृपया कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,

वसुधा वि. मोघे
जबलपूर, दि. १४ मार्च २०१७

सोबत :
१. हजेरीपटाची प्रत, जुलै ते डिसेंबर २०१६. (कु. गजभिये यांची एकही रजा नाही.)
२. शेऱ्याची हाताने उतरवलेली नक्कल.
३. कु. गजभिये यांचे संमतिपत्र जोडलेले नाही. त्यांच्याकडे आणखी काही मागणे मला जमले नाही.