गालिच्याबाहेरून वाचलेली सावली

मी, या शहराचा निवृत्त सरकारी सावलीवाचक, वय एकाहत्तर, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत पाणी झाले असून डॉक्टरने महिन्याची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आहे ती किळस, आणि ती बरीचशी माझी मलाच येते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कोर्टात नवे असतील त्यांच्यासाठी लिहितो. इथे माणूस मेला की त्याची सावली सात दिवस भिंतीवर राहते, आणि खून झालेल्याची सावली मारणाऱ्याकडे बोट दाखवते. परक्या राज्यकर्त्यांच्या देशात असे होत नाही म्हणे. पण इथे मेले की त्यांच्याही सावल्या भिंतीला चिकटतात. त्यांना ते ओंगळ वाटते, म्हणून वाचायला आमच्यासारखे पगारी नोकर ठेवले.

कलम १. माझे दुमजली घर, विहिरीसकट, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला मिळावे. घर मला सरकारने बक्षीस दिले. कशाबद्दल, ते कलम तीनमध्ये आहे. अकरा वर्षांत ताईने इथे पाऊल ठेवलेले नाही, आणि तिचे काही चुकले नाही.

कलम २. निष्ठेबद्दल मिळालेले चांदीचे पदक पोलीसप्रमुखांना परत द्यावे. आम्ही त्यांना हातमोजेसाहेब म्हणतो, कारण आमच्या लोकांनी हात लावलेला कागद ते उघड्या हाताने धरत नाहीत. पदक त्यांनी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधावे. कुत्रा मानी आहे, नाकारेल, तर नाइलाज आहे.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही. तरी ते गाळू नये.

अकरा वर्षांपूर्वी बंदर-अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्याच्या बायकोचा खून झाला. संशय आला बंगल्याच्या खानसाम्यावर, म्हणजे ताईच्या यजमानांवर, आमच्या भावोजींवर. मी हातमोजेसाहेबांना म्हणालो, "साहेब, घरातलंच माणूस आहे, दुसरा वाचक पाठवा." ते म्हणाले, "तुझा नातेवाईक आहे म्हणूनच तू वाच. लोकांना न्याय दिसेल." मला ते पटले. मी किती निःपक्षपाती आहे हे त्या लोकांना दाखवायची मला भारी खाज होती.

सावली म्हणजे भिंतीवर टांगलेले चित्र नव्हे. माणूस जिथे पडला तिथेच उभे राहून, एका दिव्याने, ती वाचायची असते. बाजूने वाचली तर हात भलतीकडे गेलेला दिसतो. हे आमच्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असते. पण बाई पडली होती दिवाणखान्यातल्या गालिच्याच्या मधोमध, आणि आमच्या लोकांनी त्या गालिच्यावर पाय ठेवायचा नाही असा बंगल्याचा नियम होता. मेलेल्या बाईची सावली समोर असताना मी गालिचा मळेल म्हणून दाराशी उभा राहिलो. मान तिरकी केली, हिशेबाने फरक धरला आणि लिहून दिले: बोट स्वयंपाकघराच्या दाराकडे. खाली सही केली. भावोजींना बेटावरच्या तुरुंगात जन्मठेप झाली.

सातव्या दिवशी मी विसरलेला दिवा आणायला बंगल्यावर गेलो. गालिचा झटकायला बाहेर नेला होता. उघड्या फरशीवर डाग होता. त्यावर उभा राहून मी दिवा लावला. बोट लिहिण्याच्या टेबलाकडे होते. आणि खून झाला तेव्हा आपण त्याच टेबलाशी बसलो होतो, खानसाम्याला आत येताना आपण पाहिले, अशी शपथ खुद्द नवऱ्याने घेतली होती.

मी सावलीचा ठसा पातळ कागदावर उतरवून घेतला, फरशीची मापे टाकली आणि हातमोजेसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "सही तुझी, शिक्का सरकारचा. तू चुकलास म्हणजे सरकार चुकलं. तुला घर नाही ना स्वतःचं?" मी मान खाली घालून घरी आलो. पुढच्या महिन्यात या घराची किल्ली मिळाली. बंदर-अधिकारी आज गव्हर्नरांच्या शेजारी बसतो. मला त्याच्यापेक्षा माझीच शिसारी जास्त येते. तो निदान कुणाचा मेहुणा नव्हता.

तो ठसा सोबत जोडला आहे. भावोजी निर्दोष आहेत आणि जिवंत आहेत. त्यांना सोडावे.

निवृत्तीनंतर मी दोन अर्ज केले. दोन्ही हातमोजेसाहेबांच्या खोलीत गेले ते गेलेच. मृत्युपत्र मात्र त्यांच्याच कायद्याने भर कोर्टात, शब्दन् शब्द, मोठ्याने वाचावे लागते. कारकुनाने इथे पाणी पिऊन घ्यावे आणि कलम तीन पुन्हा वाचावे.

कलम ४. माझा पितळी दिवा जो कोणी वाचक गालिच्यावर पाय ठेवील त्याला द्यावा. तोवर तो शेजारच्या पुस्तकबांधणीवाल्याकडे राहील.

साक्षीदारांविषयी. पहिली सही या शेजाऱ्याची. दुसरी त्याची बायको करणार होती, पण मजकूर ऐकून ती घाबरली आणि निघून गेली. तिला बोल लावत नाही. भावोजींबद्दल लिहितो आहे असा निरोप मी ताईला धाडला होता. ती येऊन जिन्यात उभी होती.

"आण इकडे, मी करते," ती म्हणाली.

"ताई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तू सही केलीस की घर सरकारजमा होईल."

"होऊ दे. त्यांचंच होतं. घरासाठी सही केली असं त्यांना म्हणायला जागा नको."

तिने उभ्यानेच सगळे वाचले. कलम तीनवर थांबली.

"सातव्या दिवशीच कळलं होतं तुला?"

मी हो म्हणालो.

"आठव्या दिवशी मी तुझ्या पाया पडायला आले होते. सावली खोटं बोलत नाही, म्हणालास."

तिने माझ्या हातातून लेखणी घेतली. वरील मजकुरात यामुळे काही बदल करायचा नाही.

लिहून देणार: (सही) निवृत्त सरकारी सावलीवाचक

साक्षीदार पहिला: (सही) पुस्तकबांधणीवाला. लिहून देणाऱ्याशी नाते: शेजारी

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून देणाऱ्याशी नाते: काही नाही. मी खानसाम्याची बायको.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: तिसऱ्या महिन्याची चौदा, परक्या अमलाचे एकसष्टावे वर्ष