पंधरा इंचांची बॅग

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (लिहिताना हात आपोआप ‘आपण’कडे वळतो, पण तुला ‘आपण’ म्हटलं तर पत्र दुसऱ्या कुणाचं समजून तू परत पाठवशील, म्हणून ‘तू’च.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? तुझ्या डोळ्यांची चौकशी मी करावी हा निर्लज्जपणाच आहे. का, ते पुढे येईलच. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

झालं असं की, आमच्या ऑफिसात नव्या साहेबांनी टेबलांचे खण काढून टाकले. आता कुणाची जागा ठरलेली नाही. सकाळी जिथे मिळेल तिथे बसायचं आणि संध्याकाळी आपलं बिऱ्हाड उचलून घरी जायचं. (याला प्रगती म्हणतात.) लॅपटॉप, त्याची वायर, डबा, बाटली, दोन चष्मे, पित्ताच्या गोळ्या, एसीसाठी स्वेटर, असा माझा सगळा खणातला संसार पाठीवर घ्यायची वेळ आली. मी दुकानं पालथी घातली. एका बॅगेला इतके कप्पे होते की गंमत म्हणून आत ठेवलेली माझीच किल्ली शोधायला दुकानदाराची मदत घ्यावी लागली. दुसरीला चाकं होती; ती ओढत ऑफिसात शिरलो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, कुठल्या गावाला निघालात.

तेवढ्यात तुझा फोन आला, की मी शिवते. तू जन्मभर तंबू आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवलेली बाई, तुला बॅग म्हणजे किस झाड की पत्ती. तू विचारलंस, लांबी किती, उंची किती, जाडी किती? त्यावर मी जे उत्तर दिलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी ऐटीत म्हणालो, अगं आत्या, लॅपटॉपला एकच माप असतं, पंधरा इंच. तू म्हणालीस, “एकच? तिन्ही बाजूंनी?” आणि मी, एका हातात फोन नि दुसऱ्यात वर्तमानपत्र, म्हणालो, हो हो, पंधराच. गिऱ्हाइकाने दिलेलं माप आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, हा तुझा नियम सगळ्या घराला पाठ आहे. तू तो पाळलास.

बॅग आली. पंधरा इंच लांब, पंधरा उंच, पंधरा जाड. शिलाई अशी की आत हत्ती बसवला तरी टाका उसवणार नाही. खरं तर तिला हत्तीच लागत होता. लॅपटॉप आडवा ठेवला तर डब्यावर निजायचा, उभा ठेवला तर आत येरझाऱ्या घालायचा. पहिल्याच दिवशी रोज मला सलाम करणाऱ्या रखवालदाराने फक्त बॅगेकडे बघून सांगितलं की डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या दाराने जायचं. मी मुकाट्याने मागच्या दाराने गेलो. (भांडलो असतो, पण पुरावा पाठीवर होता.) लिफ्टमध्ये हिशेब खात्यातल्या बाईंनी मागून विचारलं, माझं जेवण आलं का? मी तोंड वळवलं, तेव्हा माझ्याहून त्याच जास्त ओशाळल्या.

त्या रागात मी पाप केलं. घरच्यांच्या ग्रुपवर बॅगेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आत्याचा हात आता चालत नाही, नजरही गेलेली दिसते. सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. हसला नाही तो फक्त दादा, तुझा मुलगा. आईने आता शिलाईचं मशीन बंद करावं असं तो कधीचा म्हणत होता, त्याला मी आयतं कारण दिलं. तुझ्या नजरेआड राहावं म्हणून त्याने ते मशीन आमच्याकडे आणलं, आणि जिन्यातून वर चढवताना दुसरं टोक मीच धरलं होतं. सध्या ते खिडकीपाशी आहे. हे पत्र मी त्याच्यावरच लिहितोय, दुसरीकडे बसायची हिंमत होत नाही.

मग मी दुकानातून एक काळी, चपटी बॅग आणली. लॅपटॉप तिच्यात चपखल बसला. याला म्हणतात माप, हे बायकोला दाखवायला मी लॅपटॉपला पट्टी लावली. लांबी साडेतेरा. पुन्हा लावली, तरी साडेतेरा. पट्टीच खराब निघाली असं मी जाहीर करणार, एवढ्यात तुझ्या भाचेसुनेने ती माझ्या हातातून घेतली आणि पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ठेवली. पंधरा. मग ती आत दूध उतरवायला गेली. आत्या, पडद्याचं माप तिरपं सांगतात आणि बॅगेला सरळ लागतं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी तुला शिकवायला गेलो. मला फार लाज वाटते. तुझा हातही शाबूत आहे आणि नजरही. गेली होती ती माझी अक्कल.

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना तोंड दाखवायची सोय नाही.

तुझा अकलेचा कांदा भाचा

ता. क. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्याच्यापुढे माझी दातखीळ बसते. तूच सांगशील का, की माप चुकलं होतं? कुणी दिलं होतं ते सांगायची गरज नाही. धाकट्या भाच्यासाठी एवढं कर. (धाकटा म्हणजे पन्नाशीचा, पण तुझ्यापुढे धाकटाच.)

ता. क. २. वरचा मजकूर भाचेसुनेने वाचला. तिने माझा फोन आणून समोर ठेवला. दादाला मी सगळं सांगितलं. ग्रुपवर तिरप्या पट्टीचा फोटोही टाकला.  दादा म्हणाला, मशीन उचलत होतो तेव्हा आई एवढंच म्हणाली, “माझंच चुकलं असणार, तो शिकलेला आहे.” 

ता. क. ३. रविवारी दादा आणि मी मशीन घेऊन येतोय. एकच विनंती आहे. दार उघडल्यावर नेहमीसारखं ‘असू दे रे’ म्हणू नकोस. आधी मला झाप. दादासमोर झाप, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं झाप. मग आत घे.